वापरलेली बॉक्स्टर घेताना साल कसे निवडावे

पोर्शेची दोन सीटची, छत दुमडता येणारी बॉक्स्टर घ्यायची हे तुमचे ठरले आहे आणि आता तीन गाड्यांपैकी एकीवर निर्णय व्हायचा आहे. पहिली २००१ सालची ३.२ लिटर इंजिनाची 'एस', फक्त ४५,००० किलोमीटर चाललेली. दुसरी २००६ ची साधी २.७ लिटरची, १,१०,००० किलोमीटर चाललेली, पण देखभालीच्या सगळ्या नोंदी जपलेली. तिसरी २००९ ची २.९ लिटरची, ८०,००० किलोमीटरची आणि किमतीने तुमच्या मर्यादेच्या जरा वर जाणारी. सालाने खरोखर एवढा फरक पडतो का, आणि पडत असेल तर कोणते साल धरावे, असे तुम्ही विचारले आहे.

फरक पडतो, आणि या गाडीत तो बहुतेक गाड्यांपेक्षा जास्त पडतो. बॉक्स्टरचे साल पाहायचे ते वय मोजण्यासाठी नव्हे, तर इंजिनाच्या पोटात कोणता भाग बसवलेला आहे हे त्यावरून कळते म्हणून. माझे मत आधीच सांगून टाकतो : पैसे ताणता येत असतील तर २००९ ची घ्यावी, येत नसतील तर २००६ ची घ्यावी, आणि २००१ ची तेव्हाच घ्यावी जेव्हा गिअरबॉक्स उतरवून एक विशिष्ट बेअरिंग बदलण्याचा खर्च तुम्ही खरेदीच्या किमतीतच धरला असेल. पाण्याने थंड होणारी ही सहा सिलिंडरची आडवी इंजिने मी बरीच वर्षे उघडतो आणि जुळवतो आहे, त्यामुळे या क्रमामागची कारणे जरा विस्ताराने मांडतो.

बॉक्स्टर १९९६ मध्ये बाजारात आली. तिच्या पहिल्या पिढीला ९८६ म्हणतात. सुरुवातीला २.५ लिटरचे २०४ अश्वशक्तीचे एकच इंजिन होते. २००० च्या मॉडेलपासून साध्या गाडीला २.७ लिटरचे इंजिन मिळाले आणि तिच्या जोडीला ३.२ लिटरची, २५२ अश्वशक्तीची 'एस' आली. दुसरी पिढी, म्हणजे ९८७, २००५ च्या मॉडेलपासून सुरू झाली, आणि २००९ मध्ये तिचे इंजिन मुळापासून बदलले. बाहेरून पाहणाऱ्याला मोठा बदल २००५ चा वाटतो, कारण तेव्हा दिवे, आतली मांडणी आणि अंगाची ठेवण बदलली. इंजिन उघडणाऱ्याच्या दृष्टीने मात्र खरी सीमारेषा २००९ ची आहे. १९९७ ते २००८ पर्यंतची सगळी इंजिने एकाच घराण्यातली आहेत, त्यांना एम ९६ आणि एम ९७ अशी नावे आहेत, आणि गुणांबरोबर त्या घराण्याची दुखणीही पिढीजात आहेत.

त्यातले सर्वांत चर्चेतले दुखणे मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचे. या इंजिनात क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) थेट कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे) फिरवत नाही. त्याच्या खाली एक मधला शाफ्ट आहे, क्रँकशाफ्ट साखळीने त्याला फिरवतो आणि त्याच्यावरून निघालेल्या साखळ्या दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट फिरवतात. या शाफ्टचे गिअरबॉक्सकडचे टोक एका बॉल बेअरिंगवर तोललेले असते. ते बेअरिंग दोन्ही बाजूंनी सील लावून आत ग्रीस भरलेले बसवले गेले. कल्पना चांगली होती, पण बेअरिंग ज्या जागी आहे तिथे गरम इंजिन ऑइलचा सतत वावर असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सील कडक होते, ऑइल हळूहळू आत शिरते आणि ग्रीस धुऊन नेते. मग आत शिरलेले ऑइल तिथेच साचून राहते, बेअरिंगला खेळते वंगण मिळत नाही, आणि गोळ्या व त्या ज्या खाचेत फिरतात ती धाव झिजू लागते. झीज वाढली की शाफ्ट डगमगतो, साखळी दात चुकते, झडपांची वेळ बिघडते आणि झडपा पिस्टनवर आदळतात. त्यानंतर उरते ते दुरुस्तीच्या पलीकडचे इंजिन.

आता सालाचा प्रश्न इथे कसा जोडला जातो ते पाहा. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन ओळींचे बेअरिंग होते. ते बऱ्यापैकी टिकाऊ ठरले. साधारण २००० आणि २००१ च्या दरम्यान त्याच्या जागी एका ओळीचे लहान बेअरिंग आले आणि ते २००५ पर्यंत चालले. बदनामी झाली ती मुख्यतः याच्यामुळे. अमेरिकेत या प्रकरणी सामूहिक दावा झाला, तोही २००१ ते २००५ या काळात बनलेल्या बॉक्स्टर आणि पोर्शेच्याच ९११ गाड्यांपुरता. साधारण २००६ पासून २००८ पर्यंत एका ओळीचेच, पण आकाराने मोठे बेअरिंग बसवले गेले, आणि ते बिघडल्याच्या घटना खूपच कमी आहेत. गैरसोय एवढीच की हे मोठे बेअरिंग इंजिनाचे दोन अर्ध वेगळे केल्याशिवाय बाहेर निघत नाही, कारण ज्या भोकातून ते काढायचे ते भोक त्याच्यापेक्षा लहान आहे. म्हणून या सालांच्या गाड्यांत, क्लच बदलण्याच्या निमित्ताने गिअरबॉक्स उतरवला असेल तेव्हा, बेअरिंगचे बाहेरचे सील काढून टाकावे म्हणजे इंजिनातले ताजे ऑइल त्याच्यापर्यंत पोहोचत राहते, अशी शिफारस मी करतो. लहान बेअरिंगच्या गाड्यांत ते जागेवरच बदलता येते, पण गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावेच लागते; म्हणून हे काम क्लचबरोबर करणे शहाणपणाचे.

तुमची २००१ ची 'एस' नेमकी या संक्रमणाच्या वर्षातली आहे. तिच्यात दोन ओळींचे बेअरिंग असू शकते, एका ओळीचेही असू शकते. इंजिन क्रमांकावरून अंदाज बांधता येतो, पण मध्यंतरी इंजिन बदललेले असेल तर तो अंदाज चुकतो. खात्रीचे उत्तर गिअरबॉक्स उतरवून बेअरिंगवरचे झाकण पाहिल्यावरच मिळते. 'हिचे बेअरिंग बदललेले आहे' असे विक्रेता तोंडी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. कोणते बेअरिंग बसवले, किती किलोमीटरवर बसवले आणि त्या वेळी जुन्याची अवस्था काय होती, हे लिहिलेले बिल मागा. बिल नसेल तर बेअरिंग बदललेले नाही असेच धरून चाला.

इथे ४५,००० किलोमीटर या आकड्याविषयी बोलणे आवश्यक आहे, कारण तोच तुम्हाला सर्वांत जास्त भुरळ घालत आहे. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी हा समज या इंजिनांबाबत दिशाभूल करतो. वर्षभरात हजार-दोन हजार किलोमीटर चालणारी गाडी बहुतेक वेळा छोट्या फेऱ्या करते, इंजिन पुरते तापत नाही, आणि ऑइलमध्ये मिसळलेले पेट्रोल व ओलावा उडून जात नाहीत. ऑइल आम्लयुक्त होते, आणि तेच ऑइल बेअरिंगच्या सीलमागे महिनोन्‌महिने पडून राहते. रबरी नळ्या, सील, कूलंटची प्लास्टिकची टाकी आणि टायर हे भाग किलोमीटरनुसार नव्हे तर वर्षांनुसार म्हातारे होतात. टायरच्या बाजूवरच्या शिक्क्यातले शेवटचे चार अंक आठवडा आणि साल सांगतात. टायर नव्यासारखे दिसत असले तरी ते अंक वाचा. नियमित चालवलेली, दर वर्षी ऑइल बदललेली १,१०,००० किलोमीटरची गाडी मी उभ्या राहिलेल्या ४५,००० किलोमीटरच्या गाडीपेक्षा जास्त विश्वासाने घेईन.

दुसरे मोठे दुखणे सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचे. एम ९६ आणि एम ९७ इंजिनांत वेगळे लोखंडी लायनर नाहीत. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे आणि सिलिंडरच्या भिंती सिलिकॉन मिसळलेल्या लोकासिल नावाच्या पदार्थाच्या आहेत. थंड इंजिनावर जोर दिला, किंवा पेट्रोलने पातळ झालेले ऑइल भिंतीवरून धुऊन गेले, की पिस्टन भिंतीला घासतो आणि उभे ओरखडे पडतात. एकदा ते पडले की वाढतच जातात. इथेही सालाबरोबर इंजिनाचा आकार पाहावा लागतो. हा धोका मोठ्या व्यासाच्या इंजिनांत अधिक दिसतो : ९११ च्या ३.८ लिटरमध्ये, आणि २००७-०८ च्या बॉक्स्टर एस व तिची पक्क्या छताची बहीण असलेल्या केमन एसमध्ये आलेल्या २९५ अश्वशक्तीच्या ३.४ लिटरमध्ये. २.७ लिटरमध्ये तो बराच कमी आहे. तुमची २००६ ची गाडी २.७ लिटरची, २४० अश्वशक्तीची आहे, बेअरिंग मोठे असण्याची शक्यता दाट आहे आणि सिलिंडरचा धोका कमी आहे. जुन्या घराण्यातल्या इंजिनांपैकी हा मेळ मला सर्वांत निर्धोक वाटतो. 'साधी' म्हणून लोक तिच्याकडे पाहत नाहीत, 'एस'च्या मागे धावतात. पण पुढे दहा वर्षे गाडी स्वतःकडे ठेवायची असेल तर ३.४ लिटरच्या 'एस'च्या तुलनेत ५५ अश्वशक्ती सोडून देण्यात काही गमावल्यासारखे मला वाटत नाही.

२००९ च्या मॉडेलमध्ये पोर्शेने नव्या आराखड्याचे इंजिन आणले. त्यात मधला शाफ्टच नाही. क्रँकशाफ्टवरून साखळ्या थेट कॅमशाफ्टकडे जातात. म्हणजे वर सांगितलेल्या बेअरिंगचा विषयच संपला. 'एस'ला ३.४ लिटरचे ३१० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले आणि त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. साध्या गाडीला २.९ लिटरचे २५५ अश्वशक्तीचे इंजिन मिळाले, आणि त्यात पेट्रोल पूर्वीसारखेच झडपांच्या मागे फवारले जाते. हा फरक जाहिरातीत 'एस'च्या बाजूचा वाटतो. जुनी गाडी सांभाळणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर २.९ चे पारडे जड आहे, कारण झडपांवर पेट्रोल पडत राहिल्याने त्या स्वच्छ राहतात आणि उच्च दाबाचा पेट्रोल पंप हा महागडा भागही नसतो. याच वर्षी जुन्या टिपट्रॉनिक स्वयंचलित गिअरबॉक्सच्या जागी दोन क्लचचा, सात गिअरचा पीडीके आला. तो उत्तम आहे, पण त्यातले ऑइल ठरलेल्या वेळी बदलल्याची नोंद असलीच पाहिजे. हाताने गिअर टाकणे पसंत असेल तर २.९ मध्ये सहा गिअर मिळतात, आधीच्या २.७ मध्ये मुळात पाचच होते आणि सहावा वेगळा मागवावा लागे.

या सालाच्या सीमारेषेवर एक सापळा आहे. नोंदणीचे साल आणि मॉडेलचे साल एकच असेल असे नाही. कारखान्यात नवे मॉडेल वर्ष उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सुरू होते, त्यामुळे २००४ च्या अखेरीस नोंदलेली गाडी २००५ चे मॉडेल असू शकते. उलट दालनात पडून राहिलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदली जाते. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ मे २००९ मध्ये नोंदलेली बॉक्स्टर तपासायला घेऊन आले. नवे इंजिन हवे म्हणून त्यांनी मुद्दाम ते साल शोधले होते आणि त्यासाठी जास्त पैसे मोजले होते. गाडीच्या सतरा अक्षरी ओळख क्रमांकातले दहावे अक्षर मी त्यांना दाखवले. तिथे ८ होते. गाडी २००८ चे मॉडेल होती, इंजिन जुन्या घराण्याचे होते, आणि नोंदणीची कागदपत्रे पूर्णपणे खरी होती. विक्रेत्यावर बोट ठेवावे असेही काही नव्हते, कारण त्याने नोंदणीचेच साल सांगितले होते.

तेव्हा हे दहावे अक्षर स्वतः वाचायला शिका. १९९७ साठी व्ही, १९९८ साठी डब्ल्यू, १९९९ साठी एक्स, २००० साठी वाय, मग २००१ ते २००९ साठी १ ते ९ हे आकडे, आणि २०१० पासून ए, बी, सी असा क्रम. क्रमांक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात दिसतो, तो कागदपत्रांतल्या क्रमांकाशी ताडून पाहा. अकरावे अक्षर कारखाना सांगते : एस असेल तर श्टुटगार्ट, यू असेल तर फिनलंडमधले ऊसिकाउपुंकी, जिथे वाल्मेट या कंपनीने बॉक्स्टरच्या फार मोठ्या संख्येने जुळण्या केल्या. कारखान्यावरून गाडीच्या दर्जात फरक पडतो असा माझा अनुभव नाही, तेव्हा त्यावरून किंमत वाढवून मागणाऱ्याला दाद देऊ नका.

बाकीचे सालानुसारचे बदल रोजच्या वापराचे आहेत. ९८६ मध्ये २००२ पर्यंत छताची मागची खिडकी लवचिक प्लास्टिकची होती. ती पिवळी पडते, आणि थंडीत छत घाईने दुमडले तर चिरते. २००३ पासून तिथे तापवता येणारी काच आली, त्याच वर्षी डॅशबोर्डमधला ग्लोव्ह बॉक्स आला आणि शक्तीही थोडी वाढली, २.७ ची २२८ आणि 'एस'ची २६० अश्वशक्ती. म्हणून ९८६ च घ्यायची असेल तर २००३ आणि २००४ या वर्षांकडे मी बोट दाखवेन, अर्थात बेअरिंग बदलण्याची तयारी ठेवूनच. पोर्शेच्या ५५० स्पायडर या जुन्या शर्यतीच्या गाडीच्या पन्नाशीनिमित्त २००४ मध्ये काढलेल्या १,९५३ गाड्यांची मालिका संग्राहकांसाठी आहे. यांत्रिकदृष्ट्या तिला वेगळे धरण्याचे कारण नाही.

साल ठरले की उरते ती त्या एका गाडीची तपासणी, आणि ती पैसे देण्यापूर्वी व्हायला हवी. इंजिनाच्या संगणकातला अहवाल मागा. त्यात इंजिन एकूण किती तास चालले आणि फेऱ्यांच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा फिरले याची नोंद असते. किलोमीटरला तासांनी भागले की सरासरी वेग मिळतो. समजा, ४५,००० किलोमीटरच्या गाडीत २,५०० तास दिसले, तर सरासरी ताशी १८ किलोमीटर निघते. अशा वेळी एकतर गाडी सदैव गर्दीत रखडली आहे किंवा किलोमीटरच्या काट्याशी खेळ झाला आहे. ९८७ मध्ये मर्यादेपलीकडच्या फेऱ्यांच्या सहा श्रेणी नोंदल्या जातात. खालच्या श्रेणींतले आकडे जोमाने चालवणाऱ्याकडे असणारच. वरच्या श्रेणींत इंजिन केवळ ॲक्सिलरेटरने पोहोचत नाही, तिथे पोहोचण्यासाठी वेगात असताना चुकीचा खालचा गिअर पडावा लागतो. तिथे अलीकडच्या तासांतली नोंद दिसली तर मी ती गाडी सोडून देतो.

जुन्या घराण्याच्या गाडीत ऑइल फिल्टर उघडून त्याची घडी कापून पसरवावी आणि चुंबक फिरवावा. लोखंडाचे चमकणारे कण दिसले तर बेअरिंगची शंका, तपकिरी प्लास्टिकचे तुकडे दिसले तर साखळीच्या मार्गदर्शक पट्ट्यांची. त्याच वेळी स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून सहाही सिलिंडर पाहावेत. रात्रभर उभी राहिलेली गाडी तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. एका बाजूने टिकटिक, एकाच बाजूला काजळी, किंवा एक हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरहून जास्त ऑइलचा वापर ही ओरखड्यांची लक्षणे असू शकतात. सुरू करताना पांढऱ्या धुराचा मोठा लोट निघाला तर बहुधा ऑइल आणि हवा वेगळी करणारा विभाजक फाटलेला असतो. तो बदलता येतो, घाबरून जाण्याचे कारण नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावर दिसणारा ऑइलचा ओलावाही मी क्लचच्या कामात धरतो. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत टॉर्च टाकून पाहा, कारण रेडिएटरपुढे पाने साचून ते आतून कुजतात. छताच्या दोन्ही कोपऱ्यांतली पाणी वाहून नेणारी भोके मोकळी आहेत का तेही पाहा. ती तुंबली की पाणी आत येते, आणि ९८६ मध्ये सीटखाली बसवलेला नियंत्रक भिजला तर चावीपासून दरवाज्यांपर्यंत सगळे बिघडते. गालिचा हाताने दाबून ओल तपासा.

२००९ च्याही पुढे का जाऊ नये, असे तुम्हाला वाटेल. २०१२ मध्ये आलेली ९८१ पिढी इंजिनाने तितकीच भरवशाची आहे, मात्र तिचे स्टिअरिंग विजेच्या मदतीने चालते आणि ९८७ च्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्ता जसा हाताला कळतो तसा तिच्यात कळत नाही. २०१६ पासूनच्या ७१८ मध्ये मुख्य मॉडेलना चार सिलिंडरची टर्बो इंजिने आली. त्या वेगवान आहेत; तुम्ही ज्या आवाजासाठी बॉक्स्टरकडे वळला आहात तो त्यांच्यात नाही.

आता तुमच्या तीन गाड्या. सर्वांत आधी २००९ च्या गाडीचे दहावे अक्षर पाहा. ते ९ असेल आणि संगणकाचा अहवाल स्वच्छ असेल, तर मर्यादेच्या वरची रक्कम आणि २००१ च्या गाडीला लागणारा बेअरिंग, क्लच, टायर व नळ्यांचा खर्च शेजारी लिहून काढा. फरक तुम्हाला वाटतो तेवढा राहत नाही असे बहुतेक वेळा दिसते. ते ८ निघाले, तर ती किंमत मान्य करू नका आणि २००६ च्या गाडीचे सिलिंडर कॅमेऱ्याने तपासून घ्या. ते स्वच्छ निघाले तर तीच घ्या, पहिल्याच आठवड्यात ऑइल व फिल्टर बदला, आणि त्यानंतर दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, फिल्टर कापून पाहण्याची सवय ठेवा.